बीटी फवारणी आणि अळीचे आतडे : दाहाचे संदेशवाहक रेणू इजा कशी वाढवतात?

कोबीच्या शेतात सायंकाळी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, या जिवाणूपासून तयार केलेल्या जैविक कीटकनाशकाची फवारणी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी पाने उलटून पाहतो, तेव्हा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या जिवंतच दिसतात. ‘औषध चालले नाही’ असा निष्कर्ष तेथेच काढला जातो आणि त्याच दिवशी रासायनिक कीटकनाशकाची दुसरी फवारणी केली जाते. त्यामुळे खर्च वाढतो आणि अळ्यांवर उपजीविका करणारे कोटेशियासारखे परोपजीवी मित्रकीटकही मारले जातात. वास्तविक पहिल्या फवारणीचे काम तोवर संपलेले नसते. ते अळीच्या आतड्यात चालू असते.

हे काम दोन टप्प्यांत होते. पहिला घाव बीटीचे विषारी प्रथिन घालते. त्यानंतर अळीच्या शरीरातून धोक्याची सूचना देणारे रेणू स्रवू लागतात. हे रेणू मुळात संरक्षणासाठी असतात. परंतु त्यांचे प्रमाण आणि वेळ यांचा तोल बिघडला, तर आतड्याची इजा त्यांच्यामुळेच वाढते. अळी मरेल की सावरेल, हे बऱ्याच अंशी या दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून असते. हा टप्पा समजून घेतल्यास बीटीची मात्रा, फवारणीची वेळ आणि परिणाम तपासण्याचा दिवस यांसंबंधीच्या शिफारशींमागील कारणे स्पष्ट होतात.

मध्यांत्राची रचना

अळीच्या अन्नमार्गाचे अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र असे तीन भाग असतात. पचन व शोषण मुख्यतः मध्यांत्रात होते. मध्यांत्राची आतील बाजू पेशींच्या एका थराची बनलेली असते. त्यांतील स्तंभाकार पेशी पाचक विकरे स्रवतात आणि पचलेले अन्न शोषून घेतात. चषकाकार पेशी पोटॅशियमचे आयन आतड्याच्या पोकळीत सोडतात. त्यामुळे पतंगवर्गीय अळ्यांच्या मध्यांत्रातील द्रव तीव्र अल्कधर्मी राहतो. त्याचा सामू सामान्यतः ९ ते ११ च्या दरम्यान असतो. थराच्या तळाशी लहान आकाराच्या मूळ पेशी असतात. झिजलेल्या किंवा मेलेल्या पेशींची जागा भरून काढणे हे त्यांचे कार्य होय. यांखेरीज संप्रेरके स्रवणाऱ्या थोड्या पेशीही या थरात विखुरलेल्या असतात.

अन्न आणि पेशींचा थर यांच्यामध्ये कायटिन व प्रथिने यांचे पातळ पटल असते. खरबरीत अन्नकण आणि सूक्ष्मजीव यांचा पेशींशी थेट संपर्क येऊ नये, अशी त्याची योजना असते. पेशींच्या थराच्या पलीकडे कीटकाचे रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, असते. अळीच्या आतड्यात पानांबरोबर सतत जिवाणू येत असतात आणि ते तेथे असेपर्यंत फारसे उपद्रवी नसतात. तेच हिमोलिम्फमध्ये शिरले की प्राणघातक ठरू शकतात. म्हणून या एका थरावर दुहेरी जबाबदारी असते. अन्न आत घ्यायचे आणि जिवाणू बाहेर ठेवायचे. शिवाय नेहमीच्या निरुपद्रवी जिवाणूंना पाहून विनाकारण धोक्याची सूचना द्यायची नाही.

पहिला घाव : स्फटिकापासून छिद्रापर्यंत

बीटी जिवाणूचा इतिहास रेशीम कीटकापासून सुरू होतो. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी अचानक मरणाऱ्या रेशीम अळ्यांमधून हा जिवाणू वेगळा केला. १९११ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठावरील पतंगाच्या अळीत आढळला आणि थुरिंजिया या प्रांतावरून त्याला आजचे नाव मिळाले.

बीजाणू तयार होताना हा जिवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीने पानासोबत गिळलेला स्फटिक मध्यांत्रातील अल्कधर्मी द्रवात विरघळतो. पाचक विकरे त्या प्रथिनाचे तुकडे करतात आणि त्यातून क्रियाशील विष तयार होते. हे विष स्तंभाकार पेशींच्या पृष्ठभागावरील कॅडहेरिन, अमिनोपेप्टिडेज, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एबीसी वाहक प्रथिने या ग्राहींना चिकटते व पेशीपटलात छिद्रे पाडते. छिद्रांवाटे आयन आणि पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि फुटते. काही तासांतच आतड्याची हालचाल मंदावते आणि अळी खाणे थांबवते. माणसाच्या जठरातील द्रव आम्लधर्मी असून त्याच्या आतड्यात बीटी विषाला चिकटण्याजोगे हे विशिष्ट ग्राही नसतात. म्हणून तेथे ही साखळी सुरू होत नाही.

खाणे थांबलेली अळी लगेच मरत नाही. मृत्यू साधारणपणे दोन ते पाच दिवसांनी येतो. या मधल्या काळात काय घडते, हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

धोक्याची सूचना देणारे रेणू

उच्चवर्गीय प्राण्यांमध्ये जखम किंवा संसर्ग झाल्यावर तो भाग लाल होतो, सुजतो, तापतो आणि दुखतो. या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. दाह घडवून आणणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांना सायटोकाइन अशी संज्ञा आहे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्यूकिन आणि इंटरफेरॉन-गॅमा ही त्यांची परिचित उदाहरणे होत. प्रोस्टाग्लँडिन हे मेदाम्लांपासून बनणारे रेणूही याच कामात सहभागी असतात. सस्तन प्राण्यांच्या आतड्यात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरफेरॉन-गॅमा यांचे प्रमाण वाढले की शेजारच्या पेशींना जोडणारे घट्ट सांधे सैल पडतात. त्या फटींतून जिवाणू व त्यांचे अंश आत शिरतात, त्यांच्यामुळे आणखी सायटोकाइन स्रवतात आणि फटी अधिक रुंदावतात. एका बाजूने संसर्ग आटोक्यात आणणारा रेणू दुसऱ्या बाजूने आतड्याची भिंत कमकुवत करतो. असे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की मूळ कारण दूर झाल्यावरही इजा चालू राहू शकते.

कीटकांमध्ये प्रतिपिंडे नसतात आणि त्यांच्या शरीराला सूजही दिसत नाही. तथापि सूचना देणाऱ्या रेणूंची मूळ घडण त्यांच्यातही आहे. ड्रोसोफिला या माशीतील ‘अनपेअर्ड’ प्रथिने इंटरल्यूकिन-६ च्या कुळाशी साम्य दाखवतात. ‘आयगर’ हे प्रथिन ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरचे नातलग आहे. प्रोस्टाग्लँडिन तर कीटक स्वतःच तयार करतात. म्हणून कीटकांच्या आतड्यातील या प्रतिक्रियेला दाहसदृश प्रतिक्रिया म्हणणे योग्य ठरते.

या संदेशांनुसार आतड्याच्या पेशी मुख्यतः तीन कामे करतात. पहिले, जिवाणूंना मारणारी लहान प्रथिने, म्हणजे प्रतिजैविक पेप्टाइडे, तयार करणे. दुसरे, ‘ड्यूऑक्स’ या विकराच्या साहाय्याने क्रियाशील ऑक्सिजन रेणू पोकळीत सोडणे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जातीचे हे रेणू जिवाणूंना जाळतात. तिसरे, मूळ पेशींना विभाजनाचा आदेश देऊन पडझड दुरुस्त करणे. यांतील दुसरे काम सर्वांत धोक्याचे आहे, कारण क्रियाशील ऑक्सिजन रेणू जिवाणू आणि स्वतःची पेशी यांत भेद करत नाहीत.

संरक्षणातून इजा : ड्रोसोफिलामधील पुरावे

पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी ड्रोसोफिला ही बारीक माशी आंबा किंवा वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीपेक्षा वेगळी आहे. कीटकांच्या जन्मजात प्रतिकारशक्तीविषयीचे मूलभूत ज्ञान प्रामुख्याने तिच्यावरील प्रयोगांतून मिळाले. या क्षेत्रातील कार्यासाठी ज्यूल्स हॉफमन यांना २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

तिच्यावरील तीन निष्कर्ष येथे महत्त्वाचे आहेत. पहिला निष्कर्ष २००५ मधील आहे. आतड्यात सोडलेले क्रियाशील ऑक्सिजन रेणू काम संपल्यावर निष्प्रभ करण्यासाठी माशी एक विशिष्ट कॅटॅलेज विकर वापरते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी या विकराची निर्मिती थांबवली, तेव्हा सूक्ष्मजीवयुक्त अन्न खाल्लेल्या माशा मोठ्या प्रमाणात मेल्या. ज्या अन्नाचा एरवी त्यांना फारसा त्रास झाला नसता, तेच अन्न त्यांच्या स्वतःच्या शस्त्रामुळे घातक ठरले.

दुसरा निष्कर्ष २००८ मधील आहे. ‘कॉडल’ नावाचे प्रथिन आतड्यातील प्रतिजैविक पेप्टाइडांच्या निर्मितीला लगाम घालते. हा लगाम काढल्यावर पेप्टाइडांचे प्रमाण वाढले; मात्र त्यामुळे आतडे निरोगी झाले नाही. नेहमीच्या जिवाणूंचा समतोल ढळला, एरवी अल्प संख्येने असणारा एक जिवाणू माजला आणि आतड्याच्या पेशी मरू लागल्या.

तिसरा निष्कर्ष स्यूडोमोनास एन्टोमोफिला या जिवाणूसंबंधीचा आहे. हा जिवाणू माशीच्या आतड्याला तीव्र इजा करतो. त्यातील बराचसा भाग माशीने स्वतः सोडलेल्या अतिरिक्त क्रियाशील ऑक्सिजन रेणूंमुळे होतो, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. इजा इतकी होते की आतड्याच्या पेशींत नवीन प्रथिने बनण्याची प्रक्रियाच खुंटते. दुरुस्तीचा आदेश मिळूनही तो अमलात आणता येत नाही आणि माशी मरते.

तिन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट पुढे येते. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आवश्यक आहे. परंतु तिला वेळेवर थांबवणारी यंत्रणाही तितकीच आवश्यक आहे.

बीटी आणि दाह : परस्परविरोधी भासणारे निष्कर्ष

बीटीच्या संदर्भात हा प्रश्न अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लायमँट्रिया डिस्पार या वनवृक्षांची पाने खाणाऱ्या पतंगाच्या अळीवर तपासला गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अळ्यांच्या आतड्यातील जिवाणू प्रतिजैविकांनी नष्ट केल्यावर बीटीची मारकक्षमता जवळजवळ नाहीशी झाली. आतड्यात पूर्वी असणारा एन्टेरोबॅक्टर जिवाणू पुन्हा दिल्यावर ती परत आली. २०१० मध्ये त्याच गटाने पुढचा प्रश्न विचारला. मृत्यू जिवाणूंच्या वाढीमुळे होतो की जिवाणूंना पाहून भडकलेल्या प्रतिक्रियेमुळे? बीटीसोबत जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचे निर्जीव अंश दिल्यावर अळ्या लवकर मेल्या. याउलट प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखणारी किंवा ऑक्सिडीकरण थोपवणारी द्रव्ये दिल्यावर मृत्यू लांबला. निर्जीव अंशांची वाढ होऊ शकत नाही; ते केवळ धोक्याची सूचना चेतवू शकतात. म्हणून अळीची अनियंत्रित प्रतिक्रिया हेही मृत्यूचे एक कारण असावे, असे अनुमान काढण्यात आले. माणसातील सेप्सिस या अवस्थेशी याचे साम्य आहे.

हे चित्र सर्व अळ्यांना लागू पडत नाही. तंबाखूवरील शिंगअळी, म्हणजे मॅन्ड्युका सेक्स्टा, हिच्यावर ब्रिटनमध्ये झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आतड्यातील जिवाणूंविनाही बीटीने अळ्या मेल्या. याच अळीत मेक्सिकोतील संशोधकांना २०१० मध्ये असे आढळले की पी-३८ हा पेशीतील संदेशमार्ग बंद केल्यास ती बीटी विषाला अधिक सहज बळी पडते. येथे संदेश संरक्षक ठरतो. स्पोडोप्टेरा एक्झिग्वा या लष्करी अळीतील कोरियन संशोधनही त्याच दिशेचे आहे. या अळीत प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या साखळीचा पहिला विकर फॉस्फोलिपेज-ए२ रोखल्यास बीटीचा परिणाम वाढतो.

निसर्गाने या दुसऱ्या मार्गाचा उपयोग पूर्वीच केला आहे. कीटकरोगकारक सूत्रकृमींच्या शरीरात झेनोरॅब्डस आणि फोटोरॅब्डस हे जिवाणू असतात. सूत्रकृमी अळीत शिरल्यावर हे जिवाणू बाहेर पडतात आणि अळीतील फॉस्फोलिपेज-ए२ निष्क्रिय करतात. प्रोस्टाग्लँडिन न बनल्यामुळे धोक्याची सूचना पसरत नाही आणि अळी प्रतिकार करू शकत नाही. तमिळनाडूतील कोइम्बतूर येथून शोधलेली व १९९२ मध्ये नामकरण झालेली हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही सूत्रकृमी फोटोरॅब्डसच्याच आधारे काम करते. हुमणीच्या जैविक नियंत्रणासाठी तिची उत्पादने आज देशात वापरली जातात.

वरवर पाहता हे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. एका अळीत संदेश रोखल्यास मृत्यू लांबतो, तर दुसरीत लवकर येतो. कीटकाची जात, विषाची मात्रा, आतड्यातील जिवाणू आणि संदेश कोणत्या वेळी रोखला, या गोष्टी प्रत्येक प्रयोगात भिन्न होत्या, हे लक्षात घेतल्यास मेळ बसू शकतो. इजा थोडी असताना हेच संदेश जिवाणूंना अडवतात व दुरुस्ती सुरू करतात. इजा मोठी झाली, भिंत फुटली आणि जिवाणूंचे अंश हिमोलिम्फमध्ये पसरले की तेच संदेश सर्व शरीरभर अविरत सुटत राहतात आणि ऊतींची हानी करतात. मधली सीमारेषा कोठे आहे, हे त्या अळीची जात, तिचे वय आणि तिने गिळलेली मात्रा यांवर ठरते.

दुरुस्तीचा संदेश आणि अपुरी मात्रा

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त भाग येथे आहे. २००९ मध्ये ड्रोसोफिलात असे सिद्ध झाले की इजा झालेल्या पेशी अनपेअर्ड प्रथिने स्रवतात. ती मूळ पेशींतील जॅक-स्टॅट हा संदेशमार्ग जागृत करतात आणि मूळ पेशी वेगाने विभागू लागतात. पतंगवर्गीय अळ्यांमध्येही दुरुस्तीची अशी व्यवस्था आहे. हेलिओथिस व्हायरेसेन्स या घाटेअळीच्या जवळच्या नातलग अळीच्या आतड्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना बीटी विष दिले असता मूळ पेशींचे विभाजन वाढले. अल्फा-अरायलफोरिन हे प्रथिन अशा विभाजनास चालना देते, हेही त्याच अळीत दिसून आले.

याचा अर्थ असा की अळीने विषाची अल्प मात्रा गिळली, तर तिचे आतडे पुन्हा सांधले जाऊ शकते. ती एक-दोन दिवस उपाशी राहते, तिची वाढ खुंटते आणि नंतर ती पुन्हा खाऊ लागते. मोठ्या अळीचा आकार अधिक असल्याने तिला घातक मात्रा अधिक लागते. म्हणून लेबलवरील मात्रेच्या निम्मी मात्रा वापरणे किंवा मोठ्या झालेल्या अळ्यांवर फवारणी करणे म्हणजे अळीला दुरुस्तीसाठी अवधी देणे होय. पहिल्या व दुसऱ्या अवस्थेतील अळीत मात्र पुरेशी मात्रा गेल्यास इजेचा वेग दुरुस्तीच्या वेगाला मागे टाकतो.

प्रतिकारक्षमता : साखळीचा पहिला दुवा

विष ग्राहीला चिकटलेच नाही, तर पुढचे काहीच घडत नाही. पेशी फुटत नाही, धोक्याची सूचना निघत नाही आणि जिवाणू आत शिरत नाहीत. बीटीला प्रतिकारक्षम झालेल्या अनेक किडींमध्ये हाच पहिला दुवा तुटलेला असतो. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात बीटी फवाऱ्यांविरुद्धची प्रतिकारक्षमता हवाईतील शेतांतून १९९० मध्ये नोंदवली गेली. भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला आणि २००६ मध्ये दोन जनुकांच्या बीटी कपाशीला मान्यता मिळाली. गुजरातमधील गुलाबी बोंडअळीत क्राय-१-एसी या प्रथिनाविरुद्धची प्रतिकारक्षमता २०१० मध्ये जाहीर झाली; पुढील वर्षांत ती दुसऱ्या प्रथिनाविरुद्धही आढळली. भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांमध्ये कॅडहेरिन या ग्राहीच्या जनुकात बदल सापडले आहेत.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात चीनमधील संशोधकांना आणखी एक युक्ती दिसली. तेथे पेशीतील एमएपीके हा संदेशमार्ग सतत चालू राहतो आणि त्याच्या आदेशाने ग्राहींची निर्मितीच घटते. म्हणजे संदेशयंत्रणा इजा वाढवू शकते, दुरुस्ती करू शकते आणि विषाचे प्रवेशद्वारही बंद करू शकते. प्रतिकारक्षम किडीवर मात्रा वाढवत राहणे हा त्यावरील उपाय नव्हे. वेगळ्या कार्यपद्धतीच्या साधनांचा आलटून-पालटून वापर, बीटी कपाशीसोबत बिगर-बीटी आश्रय पीक आणि हंगाम वेळेवर संपवणे हेच मार्ग उरतात.

रेशीम संगोपकांसाठी विशेष सूचना

शेतातील अळीच्या आतड्यात जे हवे आहे, तेच रेशीम अळीच्या आतड्यात घडणे म्हणजे नुकसान होय. बीटीचा पहिला शोध रेशीम अळीत लागला, यातच तिची संवेदनशीलता दिसते. त्यामुळे तुतीच्या बागेजवळील पिकावर बीटी फवारताना वाऱ्याची दिशा पाहावी. फवारा तुतीच्या पानांवर उडाला असल्यास ती पाने अळ्यांना घालू नयेत आणि फवारणीची साधने संगोपनगृहाजवळ धुऊ नयेत.

फ्लॅचरी या रोगातही मध्यांत्रच बाधित होते. अळ्या सुस्त होतात, खाणे कमी करतात, विष्ठा पातळ होते आणि शरीर लिबलिबीत बनते. जिवाणू व विषाणू हे त्याचे कारक असले, तरी उच्च तापमान, कोंदट हवा, ओली किंवा शिळी पाने आणि अळ्यांची दाटी यांमुळे रोग बळावतो. म्हणून संगोपनगृहातील हवा खेळती ठेवणे, बेड कोरडे ठेवणे, पाने ताजी व कोरडी देणे आणि रोगट अळ्या तत्काळ वेचून नष्ट करणे यांना औषधापेक्षा अधिक महत्त्व आहे.

शेतातील व्यवहारासाठी शिफारशी

१. कामगंध सापळ्यांतील पतंगांची संख्या आणि पानांवरील अंडी पाहून फवारणीचा दिवस ठरवावा. अंडी उबून अळ्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असताना फवारणी सर्वाधिक परिणामकारक ठरते.

२. लेबलवरील मात्रा पूर्ण वापरावी. बचतीसाठी मात्रा घटवू नये.

३. बीटी पोटात गेल्याशिवाय काम करत नाही. म्हणून पानांची खालची बाजू आणि कोवळे शेंडे पूर्ण ओले होतील अशी फवारणी करावी.

४. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे स्फटिक व बीजाणू लवकर निकामी होतात. फवारणी सायंकाळी करावी.

५. बीटी हा जिवाणू असल्याने स्ट्रेप्टोसायक्लिनसारखी प्रतिजैविके, ताम्रयुक्त बुरशीनाशके किंवा बोर्डो मिश्रण त्याच टाकीत मिसळू नये.

६. परिणाम मेलेल्या अळ्यांच्या संख्येवरून दुसऱ्या दिवशी ठरवू नये. पहिल्या दोन दिवसांत पानांवरील नवी छिद्रे आणि ताजी विष्ठा पाहावी. अळ्यांची मोजणी तिसऱ्या व पाचव्या दिवशी करावी.

७. पाचव्या दिवशीही अळ्या खात असतील आणि संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर असेल, तरच पुढील उपाय योजावा. त्यापूर्वी अळ्यांचे वय, वापरलेली मात्रा आणि उत्पादनाची मुदत तपासावी. या तिन्ही गोष्टी योग्य असूनही अळ्या खात असल्यास प्रतिकारक्षमतेची शक्यता धरून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे.

शेतशाळेसाठी प्रात्यक्षिक

विस्तार कार्यकर्त्यांना ही प्रक्रिया शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवता येते. झाकणाला बारीक छिद्रे असलेले तीन पारदर्शक डबे घ्यावेत. पहिल्यात न फवारलेली पाने, दुसऱ्यात शिफारशीत मात्रेत बुडवून सुकवलेली पाने आणि तिसऱ्यात शिफारशीच्या एक-दशांश मात्रेत बुडवून सुकवलेली पाने ठेवावीत. प्रत्येक डब्यात एकाच वयाच्या दहा लहान अळ्या सोडाव्यात. दुसऱ्या दिवशी तिन्ही डब्यांत न फवारलेली ताजी पाने द्यावीत आणि पाच दिवस रोज तीन नोंदी ठेवाव्यात : पाने किती खाल्ली, विष्ठेच्या गोळ्या किती पडल्या आणि अळ्या किती जिवंत आहेत.

बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या असल्यास दुसऱ्या डब्यात पहिल्याच दिवशी विष्ठा जवळजवळ थांबलेली दिसते, जरी अळ्या जिवंत असल्या तरी. तिसऱ्या डब्यात काही अळ्या आरंभी खाणे थांबवून पुन्हा खाऊ लागण्याची शक्यता असते. ही तिसऱ्या डब्यातील अळी म्हणजे दुरुस्तीच्या संदेशाचे दृश्य रूप होय. अपुऱ्या मात्रेचे नुकसान समजावण्यासाठी ती अळी दाखवणे पुरेसे आहे.

सारांश

बीटी अळीच्या आतड्याला पहिला घाव घालते. त्यानंतर अळीचे स्वतःचे संदेशवाहक रेणू एकाच वेळी जिवाणूंना रोखतात, पेशींची दुरुस्ती करतात आणि मर्यादा ओलांडल्यास ऊतींची हानीही करतात. लहान अळी आणि पूर्ण मात्रा असल्यास तोल हानीकडे झुकतो. मोठी अळी आणि अपुरी मात्रा असल्यास दुरुस्तीकडे. या प्रक्रियेला काही दिवस लागतात. फवारणीनंतरच्या सकाळी जिवंत दिसणारी अळी खात आहे की नाही, एवढे पाहून आणखी दोन दिवस थांबल्यास पुष्कळ शेतांत दुसऱ्या फवारणीची गरजच भासणार नाही.